रेडकू म्हणजे छोटी म्हैस नव्हे

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. सिंकमध्ये भांडी साचतात तसे ते साचतात. जरा लक्ष दिलं नाही की ढीग. कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की एक बँकेतलं सांगते, दुसरी शाळेतलं, आणि मग सगळ्या माझ्याकडे वळतात. "सुजाता, तू नक्की काय करतेस गं?"

मी जनावरांची डॉक्टर आहे, पण माझा दवाखाना नाही. साकीनाक्याला एका गाळ्यात, वरच्या मजल्यावर आमची छोटी लॅब आहे. खाली स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकतात, वर आम्ही रक्त तपासतो. औषध कंपन्या त्यांची अँटिबायोटिक्स आमच्याकडे पाठवतात. आम्ही ती लहान जनावरांना देतो, म्हणजे वासरं, करडं, म्हशींची रेडकं. मग थोड्या थोड्या वेळाने त्यांचं रक्त काढून बघतो, की औषध अंगात किती पोचलं, कुठे अडकलं आणि बाहेर कधी पडलं.

एवढं सांगितलं की सगळ्या माना डोलावतात. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "पण मोठ्या म्हशीचा डोस माहीत असेल ना? त्याच्या निम्मा द्यायचा. सिंपल."

इथून माझं डोकं फिरायला लागतं. रेडकू म्हणजे छोटी म्हैस नव्हे. ते अजून दुधावर असतं, त्यामुळे त्याचं पोट वेगळं चालतं. अंगात पाण्याचा भाग जास्त, म्हणून काही औषधं त्या पाण्यात पसरून पातळ होतात. मूत्रपिंडं कच्ची, म्हणून तीच औषधं लवकर बाहेरही पडत नाहीत. म्हणजे कधीकधी वजनाच्या मानाने डोस जास्त लागतो, आणि तरी तो उशिरा उशिरा द्यावा लागतो. हे मी इतक्या लोकांना समजावलंय, की नवरा म्हणतो, तू झोपेतही हेच बडबडतेस.

*

आम्ही भांडुपला राहतो. शेजारी नाडकर्णीकाकू. एकदा सकाळी त्या औषधाची पट्टी घेऊन दारात उभ्या.

"अगं, आमच्या मुलाच्या, विकीच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात. नातवाला सर्दी झालीय. अर्धी देऊ का?"

म्हटलं, "काकू, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"ते माहितीये गं. पण लहान जनावरांची ना? मग झालं तर."

मी त्यांना बसवलं. लहान मूल म्हणजे अर्धा माणूस नव्हे, उरलेल्या गोळ्या कोणालाच द्यायच्या नसतात, साध्या सर्दीला तर अँटिबायोटिक लागतही नाही, सगळं सांगितलं. मला लॅबला उशीर झाला, पण काकूंना पटलं. त्या नातवाला घेऊन मुलांच्या डॉक्टरकडे गेल्या. मला फार बरं वाटलं. वाटलं, चला, एक तरी माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. चेहरा पडलेला.

"तुझं ऐकून गेले, तर त्याने औषधच दिलं नाही. म्हणे आपोआप बरं होईल. फुकटचा हेलपाटा."

"बघा, मी सांगत नव्हते?"

"हो, म्हणून मग ती अर्धी गोळी मी आपल्या मनीला दिली. ती पण शिंकत होती. आणि जनावरांचं तर तुझंच खातं आहे ना, म्हटलं तुझी काही हरकत नसणार."

मनीला मी उचलून तपासलं. ठणठणीत होती. मलाच घाम फुटला होता.

*

आता ज्या कामाबद्दल सांगतेय ते रेडकांचं. एका कंपनीचं इंजेक्शन होतं आणि ते दुधावरच्या रेडकांत कसं फिरतं हे बघायचं होतं. त्यासाठी गोरेगावला रामसूरतभाईंच्या तबेल्यातली दहा नर रेडकं घेतली. आमचे बॉस कामतसर. त्यांना कागदावर ठरलंय त्यापेक्षा केसभर वेगळं झालेलं चालत नाही. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे वजन अचूक हवं, असं त्यांनी मला बजावून पाठवलं. पण वजनकाटा काही दिला नाही.

तबेल्यात चारा तोलायचा काटा होता, त्यावर रेडकू उभं राहीना. शेवटी मी घरून बाथरूमचा काटा नेला. रेडकू उचलून मी काट्यावर उभी राहायचे, मग एकूण वजनातून माझं वजन वजा करायचं. माझं वजन एकदा करून परबकाकांनी ते मोठ्याने सांगितलं, कारण लिहायला आमची अ‍ॅनालिस्ट श्वेता लांब उभी होती. परबकाका आमचे ड्रायव्हर. मूळचे मालवणचे, आवाज समुद्राच्या अंदाजाने लावलेला. माझं वजन त्या दिवशी तबेल्यातल्या म्हशींनाही कळलं.

मध्ये दिवाळी आली. दिवाळीनंतर पुन्हा वजनं केली. या वेळी मी ठणकावून सांगितलं, की माझं वजन परत करायची काही गरज नाही, आधीचंच धरा.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये कामतसर कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"सुजाता, सगळी रेडकं वाढलीत हे ठीक आहे. पण सगळी अंदाजापेक्षा बरोबर सारखीच जादा कशी वाढली? दुबळी आणि धडधाकट, सगळी?"

श्वेता खाली बघायला लागली. परबकाका शांतपणे म्हणाले, "सर, रेडक्यांनी नाय, चकली मॅडमांनी खाल्ली."

डोस द्यायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. दुसऱ्याच दिवशी सरांनी खरा वजनकाटा आणवला.

*

कंपनीची अट होती की रक्ताचे निम्मे नमुने गोठवून त्यांच्या पवईच्या ऑफिसात जमा करायचे. तिथे काचेची मोठी बिल्डिंग, गेटवर मशीन, गळ्यात कार्ड असल्याशिवाय माशीलाही आत सोडत नाहीत. त्या दिवशी नेमका आमचा बर्फाचा डबा तडकला. परबकाकांच्या मेव्हण्याचा मासळीचा धंदा आहे. काका त्याचा थर्माकोलचा खोका घेऊन आले.

"दोनदा साबणान धुतलंय, मॅडम. वास येवचो नाय."

वास येत होता. पण बर्फ वितळत होता, म्हणून मी पाठवून दिलं. ही माझी चूक नव्हती असं मी अजूनही मानते, दुसरा खोका होताच कुठे.

गेटवर सिक्युरिटीने नाक मुरडलं. "मच्छी अलाउड नहीं है।"

काकांना अपमान वाटला. सकाळपासून एवढं जपून आणलेलं, आणि हा मासळी म्हणतोय. त्यांचं हिंदी आधीच अंदाजपंचे. त्यात ते चिडले.

"मच्छी नाय रे बाबा. खून है, खून. छोटा बच्चा लोग का."

मला फोन आला तेव्हा मी मशीनवर काम करत होते. सुपरवायझर अगदी हळू आवाजात बोलत होता. "मॅडम, परब करके आपका आदमी है क्या? बोल रहा है बच्चों का खून लाया है।"

मी घाईत होते. म्हटलं, "हां, हां, बराबर है. जल्दी अंदर लीजिए, नहीं तो पिघल जाएगा."

पलीकडे फोन कट झाला. मला वाटलं, काम झालं.

मी पोचले तेव्हा काका केबिनमध्ये खुर्चीवर, समोर दोन पोलिस, मध्ये खोका. नमुने मात्र जसेच्या तसे गोठलेले. काकांनी पोलिसांनाच समोरच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ आणायला पाठवलं होतं.

*

या कामात एक नियम पक्का असतो. औषध देण्याआधी एकदा रक्त काढून ठेवायचं. ते कोरं रक्त. त्यात औषधाचा मागमूस असता कामा नये, नाहीतर पुढच्या मोजण्याला अर्थच उरत नाही.

आमच्या कोऱ्या रक्तात औषध सापडलं. सगळ्या रेडकांच्या.

श्वेताने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. तिने मशीन धुतलं, नळ्या बदलल्या, नवीन रसायनं उघडली. कामतसर मागे उभे राहून विचारायचे, "नमुने अदलाबदल झाले का? लेबलं कोणी लावली?" ती पुन्हा लेबलं तपासायची. संध्याकाळी बॅग भरताना मला म्हणाली, "सुजाता, माझ्याच हातात काहीतरी गडबड आहे का गं?" पाच वर्षं मान मोडून काम करणारी मुलगी. मला तिच्यापेक्षा सरांचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता तबेल्यात गेले. दूध काढायची वेळ होती. एका कोपऱ्यात वेगळा कॅन ठेवला होता आणि गडी त्यातलं दूध आमच्या रेडकांच्या तोंडाशी धरत होता. एरवी त्या बिचाऱ्यांना दूध दिसायचंही नाही. नर रेडकू दूध देणार नाही, मग त्याला दूध कोण देणार, असा तबेल्याचा सरळ हिशोब.

मी रामसूरतभाईंना विचारलं, "हे दूध वेगळं का?"

"ये सुईवाली भैंस का है, डॉक्टरनीजी. उसके थन में सूजन है ना, इंजेक्शन चालू है।"

त्या इंजेक्शनात आमचंच औषध होतं. ते म्हशीच्या रक्तातून दुधात आणि दुधातून रेडकांच्या रक्तात उतरत होतं. म्हणजे आम्ही सुई लावायच्या आधीच त्यांना रोज थोडं थोडं औषध मिळत होतं. असं रोज थोडं मिळालं की औषधाला दाद न देणारे जंतू त्यांच्या पोटात तयार होतात. मी तिथेच उभी राहून भाषण सुरू केलं. रामसूरतभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "लेकिन आप ही तो बोली थीं, सुईवाला दूध बेचना नहीं। फेंकने को कहाँ बोली थीं?"

खरं होतं. बोलले होते.

श्वेताला फोन केला. म्हटलं, "तुझा हात सोन्याचा आहे. म्हशीचं दूध खराब आहे." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. कामतसरांनी तिला सॉरी म्हटलं का? नाही. त्यांनी तिच्यासाठी नवीन खुर्ची मागवली.

*

अर्ध्या वाटेवर कंपनीत प्रेझेंटेशन होतं. कामतसर आणि मी गेलो. समोर मार्केटिंगचे साहेब, कडक इस्त्री, नव्या डब्याचं डिझाइन हातात. मी पडद्यावर आलेख दाखवला. औषध दिल्यावर रक्तातलं प्रमाण चढतं, शेंड्याला पोचतं, मग हळूहळू उतरतं. रेडकांत ते किती सावकाश उतरतं हेच आमचं सगळं काम.

साहेबांनी मान तिरकी केली. "ही लाइन खाली का येते?"

"सर, औषध शरीराबाहेर पडतं म्हणून."

"ते कळलं. पण सेल्सच्या लोकांना खाली येणारी लाइन दाखवता येत नाही, यार. निगेटिव्ह मेसेज जातो. आपण फक्त वरपर्यंतचाच भाग घेऊ या का?"

कामतसर म्हणाले, "लाइन खाली आली नाही तर जनावर मरेल."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "मग थोडी फ्लॅट करा."

*

त्याच मीटिंगमधला पुढचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण त्या दिवशी माझं अर्धं लक्ष गोरेगावला होतं.

आमच्यातल्या एका रेडकाला हगवण लागली होती. मला कळवायच्या आधीच तबेल्यातल्या कोणीतरी सुया मारत फिरणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने त्याच्याजवळचं कुठलंसं जालीम अँटिबायोटिक मोठ्या म्हशीच्या हिशोबाने, लागोपाठ टोचलं. आधीच अंगातलं पाणी गेलेलं, मूत्रपिंडं कच्ची. औषध बाहेर पडायला वाटच नव्हती. सकाळी मी पोचले तेव्हा ते मान टाकून पडलं होतं आणि आदल्या दिवसापासून त्याने लघवी केली नव्हती.

सलाइन लावलं. बाटली टांगायला खुंटी नव्हती, म्हणून परबकाका ती हातात धरून उभे राहिले. मला मीटिंगला निघणं भाग होतं. काका म्हणाले, "तुमी जावा, मॅडम. मी हयसून हलूचंय नाय." निघताना मी एकच सांगितलं, की याने लघवी केली तर वाचलं समजा. केली की लगेच फोन करा.

तर तिकडे लाइन फ्लॅट करायची चर्चा चालली होती आणि माझा फोन वाजला. आलेख दाखवायला मी तो त्यांच्या पडद्याला आणि स्पीकरला जोडून ठेवला होता, आणि घाईत तसाच उचलला. काकांचा आवाज त्या अख्ख्या खोलीत घुमला.

"मॅडम, मुतलो."

कोणी हललं नाही. चहा देणारा माणूसही थांबला.

"भरपूर मुतलो, मॅडम. माझ्या पँटीवर. आता उठान उभो रवलोहा."

मला हसावं की रडावं कळेना. मी कामतसरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि मार्केटिंगच्या साहेबांना म्हणाले, "बघितलंत? ही तुमची खाली येणारी लाइन."

*

खराब दुधाची भानगड झाल्यावर कामतसरांनी नियमच केला, की काम संपेपर्यंत आपल्या रेडकांना चांगलं दूध द्यायचं, कंपनीच्या खर्चाने, पोटभर. प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर एक ते दहा नंबर. नंबर वाचायचा आणि त्याच्यासमोर बादली ठेवायची.

थोड्याच दिवसांत रेडकं ओळखू येईनात. कातडीला चकाकी आली, हाडं झाकली गेली. दोरी सोडली की उड्या मारायची. तबेल्यातली बाकीची नर रेडकं तशीच, खांबाला बांधलेली, चाटायला काही मिळतंय का बघणारी. दूध वाटताना आम्ही शक्यतो तिकडे बघायचो नाही. श्वेताने एकदा विचारलं होतं, "यांना का नाही?" मी म्हटलं, "त्यांचा नंबर नाही." दुसरं काय सांगणार होते?

शेवटच्या रक्ताच्या दिवशी सर स्वतः आले. सगळं नियमाप्रमाणे झालंय का ते बघायला. एकदा एक सही राहिली म्हणून त्यांनी आमचं दिवसभराचं काम कचऱ्यात टाकायला लावलं होतं, त्यामुळे आम्ही टरकलेले. मी एकेका रेडकाचा कान धरून नंबर वाचत पुढे जात होते. दहा झाले. आणि दहाच्या शेजारी आणखी एक रेडकू उभं होतं.

हडकुळं, गुडघ्यात थरथरणारं. त्याच्या कानाला सुतळीने बांधलेला पिवळा बिल्ला. तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापून केलेला, कडा वेड्यावाकड्या. त्यावर मार्करने लिहिलेलं, ११.

मी हातातली यादी पुन्हा बघितली. एवढं निस्तरून काम शेवटाला आलं होतं, आणि नेमकं सरांसमोर हे. मी रामसूरतभाईंकडे बघितलं. त्यांनी हात वर केले. "माँ कसम, मैं नहीं।" गडी म्हणाले, त्यांना लिहिता येत नाही. श्वेता नळ्या लावण्यात एकदम गढून गेली. परबकाका वर पत्र्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "सर, हे आपलं नाही. मी आत्ता बाजूला बांधायला सांगते."

सरांनी हातानेच मला थांबवलं. ते पुढे गेले. त्यांच्या पांढऱ्या बुटांना शेण लागलं, ते त्यांनी बघितलंही नाही. वाकून त्यांनी तो बिल्ला दोन बोटांत धरला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. रेडकाने त्यांच्या शर्टाची बाही तोंडात घेतली आणि चोखायला सुरुवात केली. सरांनी ती सोडवून घेतली नाही.

मग ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी ओळीने ठेवलेल्या बादल्यांकडे बघितलं.

"परब," ते म्हणाले, "एक बादली कमी आहे."